ठकूबाईचा पौष

खूप वर्षं झाली. किती, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. तेव्हा करंजखोऱ्यात यायला गाडीरस्ता नव्हता, ओढा ओलांडून येणारी एक पायवाट होती. त्या पायवाटेनं दर पौषात गावात ताप यायचा. बाजाराला गेलेलं कुणीतरी अंग कसकसतंय म्हणत परत यायचं, आणि आठ दिवसांत निम्मं गाव अंथरूण धरायचं. हुडहुडी भरायची, हाडं ठणकायची, छातीत खोकला बसायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस उठून कामाला लागायचा. लोकांनी त्या तापाला पौष्या असं नाव ठेवलं होतं, घरातल्या पोराला ठेवावं तसं.

सगळेच उठायचे असं नाही. म्हाताऱ्यांतले काही उठायचे नाहीत. पाळण्यातली काही पोरं उठायची नाहीत. एखादी पोटुशी बाईही जायची. कधी चार, कधी सहा, कधी नऊ. पटकी आली की हेच गाव रानात पळायचं, वाघ आला की डफ वाजवत बाहेर पडायचं. पौष्या आला की कुणी काही करायचं नाही, कारण तो दर वर्षीच यायचा.

ठकूबाई लग्न होऊन या गावात आली, आणि तिसऱ्या वर्षी पौषात तिची मुलगी गेली. अकरा महिन्यांची होती, कृष्णी नाव. शेजारच्या बायका येऊन बसल्या. त्यांनी ठकूला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, आणि एक जण म्हणाली, "पौषात जातातच गं पोरं."

"जातातच?" ठकूनं विचारलं.

असं म्हणतात, की ठकूचं रडं तिथं जे थांबलं, ते जन्मभर परत आलं नाही.

पुढच्या पौषापासून ती हुलग्याच्या माडग्याचा हंडा डोक्यावर घेऊन घरोघर फिरू लागली. आजाऱ्याला घोट घोट पाजायची. ओल्या फडक्यानं कपाळ पुसायची. म्हाताऱ्यांना पाठीशी टेकून बसवायची, म्हणजे छातीतला कफ सुटेल. गावातली बाळंतपणंही तीच करायची. शेवटचं घर होईपर्यंत तिचा हंडा कधी रिकामा झाला नाही, असं म्हणतात. आणि असंही म्हणतात, की अंगणातून नुसता खोकला ऐकून तिला कळायचं, हा उठेल की नाही. पहिली काही वर्षं ती सांगायची. पुढं पुढं सांगेनाशी झाली, कारण तिचं कधी चुकत नव्हतं.

अशी वीस वर्षं गेली.

एका वर्षी पौष्यानं खालचं गाव पुरतं आडवं केलं, पण डोंगरावरची वरची वाडी तेवढी मोकळी राहिली होती. वाडीतल्या चंद्रा नावाच्या सुनेला दोन महिन्यांचा मुलगा होता. ठकूबाईच्याच हातांवर जन्मलेला. आता तिथं ताप पोचायच्या आत बाळाच्या छातीला तेल लावून यावं, म्हणून ठकूबाई डोंगर चढली. सकाळपासून तिचा घसा खवखवत होता. चुलीचा धूर लागला असेल, असं तिला वाटलं. तिनं बाळाला मांडीवर घेतलं, तेल चोळलं, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्याला हसवलं, आणि ती खाली आली.

त्या संध्याकाळीच तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी चंद्राच्या घरात ताप आला. सातव्या दिवशी बाळ गेलं, आणि मग वाडीतली तीन म्हातारी माणसं गेली.

ठकूबाई बरी होऊन भेटायला गेली, तेव्हा चंद्रा दारातच बसली होती. तिच्या आवाजात राग नव्हता. ती म्हणाली, "ठकूमावशी, या महिन्यात आमच्या वाडीत तुमच्याबिगर कुणीच आलं नव्हतं."

ठकूबाई मागं फिरून डोंगर उतरली. उतरताना तिनं एकेक घर आठवलं. पहिला ताप कुठं आला, मग कुठं, मग कुठं. या वर्षीचं आठवलं, मागच्या वर्षीचं आठवलं. ज्या वाटेनं तिचा हंडा गेला होता, त्याच वाटेनं पौष्या गेला होता. वीस वर्षं. घरी येऊन तिनं हंडा पालथा घातला, आणि त्यात पुन्हा कधी माडगं शिजलं नाही.

पुढच्या वर्षी पौष लागायच्या आधी ती चावडीवर गेली. गावचे पाटील सयाजीराव आणि चार मंडळी बसली होती. ती म्हणाली, "हा ताप आपण एकमेकांच्या घरी नेतो. मी सगळ्यात जास्त नेला. महिनाभर कुणी कुणाच्या घरात जाऊ नये. पुनवेची देवीची यात्रा माघात भरवा."

पाटील तिला मानत होते. ते शांतपणे म्हणाले, "ठकूबाई, चार दिवसांचा ताप आहे. त्याच्यासाठी देवीला थांबवायचं का?"

"सहा माणसं गेली, पाटील."

"म्हातारी होती गं."

"आणि पोरं?"

तरी यात्रा भरली. त्या वर्षी नऊ जण गेले. त्यांत पाटलांची आई होती.

तेव्हापासून ठकूबाई गावात राहिली नाही. ओढ्यापलीकडं, पायवाटेच्या कडेला तिनं कुडाची खोप बांधली. पौष लागला की बाजाराहून येणाऱ्या माणसाचा खोकला ती लांबूनच ऐकायची, आणि त्याला खोपीत थांबवून घ्यायची. बरा झाला की मगच सोडायची. काही थांबायचे, काही हसून पुढं जायचे. जे थांबायचे त्यांचा ताप तिला यायचा. दर वर्षी यायचा, आणि दर वर्षी नवा वाटायचा. ती म्हणायची, "मागच्या साली येऊन गेला, म्हणून यंदा सोडील असं न्हाई. ह्याचा खोकला निराळाच हाय. हा तो न्हवंच." वीस वर्षांत ओळखायला शिकलेले खोकले तिला आता उपयोगी पडत नव्हते.

शेवटच्या वर्षी बाजाराहून आलेले सातही जण तिच्याकडं थांबले, आणि सातही बरे होऊन गेले. मग ती पडली. चंद्रानं ऐकलं आणि ती ओढ्याच्या अलीकडं येऊन उभी राहिली. तिच्या कडेवर नवं बाळ होतं.

"मावशी, मी येते तिकडं."

"येऊ नको," आतून आवाज आला. "पोरगी हाय का? वर धर. दिसू दे."

चंद्रानं मुलीला दोन्ही हातांनी वर उचललं. खोपीच्या दारात ठकूबाई हातांवर रेलून आली होती. तिनं बराच वेळ पाहिलं. मग ती खोकली, आणि तो खोकला तिनं स्वतःच कान देऊन ऐकला, असं चंद्रा पुढं सांगायची.

"जा आता," ठकूबाई म्हणाली. "थंडी हाय. तिचं डोकं झाक."

चंद्रा रोज ओढ्यातल्या दगडावर भाकरी ठेवून जायची. तिसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची भाकरी तशीच होती.

त्या वर्षी करंजखोऱ्यात पौष्या आलाच नाही. एकही माणूस गेलं नाही. लोक म्हणाले, ठकूबाईनं त्याला गिळून सोबत नेलं. म्हणून पुढच्या पौषात यात्रा कधी भरली नव्हती इतकी मोठी भरली, आणि लोक लेकराबाळांना घेऊन आले. त्या महिन्यात चौदा जण गेले. त्यांना उचलायला खांदे पुरेनात, कारण धडधाकट माणसंही अंथरुणात होती. चंद्रानं महिनाभर दार लावून घेतलं होतं. शेजारणींनी तिला गर्वाची म्हटलं. तिची मुलगी जगली.

चंद्रानं तो महिना मरेपर्यंत पाळला, आणि हळूहळू गावही पाळू लागलं. पौषात कुणी कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही, आजाऱ्याचं जेवण अंगणात ठेवायचं. त्याला ठकूबाईचा पौष म्हणतात. पूर्वी तो महिनाभर असायचा. मग पंधरा दिवसांचा झाला. मग पाच दिवसांचा. आता पुनवेच्या आधीचा एक दिवस उरला आहे. त्या दिवशी करंजखोऱ्यातली सगळी दारं बंद असतात, आणि गाव इतकं गप्प होतं की कुठल्या घरात कोण खोकतंय ते वाटेवरून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी यात्रा असते.