एका शिळेवरच्या दोघी

"त्या दोघी बहिणींसारख्या होत्या, असं तुम्हीही सांगणार का, माई?"

सुंदरामाईंनी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. टेकडीवरच्या या मठात त्या लहानपणापासून राहत होत्या. समोर बसलेली आश्लेषा सकाळच्या एसटीनं आली होती.

बाहेर अंगणात एकच समाधी होती. तिच्या शिळेवर पावलांच्या दोन जोड्या कोरलेल्या होत्या, एक मैनाबाईंची, एक ठकूबाईंची. दोघी तरुणपणीच घरदार सोडून इथे आल्या आणि मरेपर्यंत एका झोपडीत राहिल्या.

आश्लेषा त्यांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहायची. हजारो मुली त्या फोनवर वाचायच्या, दोघींची चित्रं काढायच्या, पुढचा भाग कधी म्हणून मागे लागायच्या. आणि रोज कुणी ना कुणी खाली लिहायचंच, प्रेम कसलं, बहिणी-बहिणी होत्या. अशा प्रत्येकाशी आश्लेषा भांडायची. त्याचा तिला अभिमान होता.

"तुम्ही त्यांना पाहिलंय. तुम्ही एकदा बोललात की सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"तुझ्या गोष्टीत त्या काय करतात?"

"विरहात झुरतात. नदीकाठी चोरून भेटतात. एकमेकींसाठी जीव द्यायला निघतात."

"इथे नदी कुठे आहे?"

"ती माझी कल्पना. पण प्रेम तर होतं ना?"

माईंनी आधणात चहापूड टाकली.

"शेवटी ठकूबाईंना दिसेनासं झालं. ताटात कुठे काय वाढलंय, ते मैनाबाई सांगायच्या. आमटी अळणी लागली की ठकूबाई त्यांना वाट्टेल ते बोलायच्या. मग दुपारपर्यंत अबोला."

"आणि मग?"

"मग मैनाबाई फणी घेऊन त्यांची वेणी घालायला बसायच्या."

असं काही आश्लेषाला कधी सुचलं नव्हतं. तिनं घाईघाईनं फोन काढला. "हे पुन्हा सांगाल? रेकॉर्ड करते."

माई दारातून खाली बघत होत्या. पायऱ्यांच्या तळाशी एक मुलगी दोन पिशव्या मांडीवर घेऊन उन्हात बसली होती.

"ती कोण?"

"ती... माझी मावसबहीण."

घरमालकाला, ऑफिसात, आईला, सगळीकडे हेच सांगून झालं होतं. जीभ आपसूक वळली.

चहा उकळत राहिला...

आश्लेषानं फोन उलटा करून जमिनीवर ठेवला.

"माई."

"हं."

"बहीण नाही ती."

"मग वर का नाही आणलंस?"

"तुम्हाला काय वाटेल, म्हणून..." तिचा आवाज बारीक झाला. "मीच म्हटलं तिला, खालीच थांब."

माईंनी तीन कपांत चहा गाळला. एक स्वतःपुढे ठेवला, एक आश्लेषापुढे. तिसरा तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेपुढे ठेवला आणि त्यावर बशी झाकली.

मग पदराला हात पुसले.

"दारात उभी राहा," त्या म्हणाल्या, "आणि नाव घे तिचं. मोठ्यानं."