धाकटा पॅड

घाटरस्ता अजून अरुंद होता, त्या काळची गोष्ट. एका जीपच्या पुढच्या चाकात ब्रेकचे दोन पॅड राहत. डिस्कच्या आतल्या अंगाला थोरला, बाहेरच्या अंगाला धाकटा. ब्रेक लागला की दोघांनी मिळून फिरती डिस्क आवळून धरायची, एवढंच त्यांचं काम.

पहिलं वर्षभर दोघं बरोबरीने झिजले. मग थोरला एकटाच झिजू लागला. उतारावर त्याच्या अंगाची लाही लाही व्हायची आणि धाकटा मात्र डिस्कला जेमतेम टेकायचा.

"दादा, मला पुढे सरकताच येत नाही," धाकटा म्हणाला. "कुठेतरी अडतंय."

"नाचता येईना, अंगण वाकडं," थोरला म्हणाला. "कामचुकार कुठला."

त्यानंतर धाकट्याने तोंड उघडलं नाही. तीन पावसाळे गेले. थोरल्याचं लोखंड उघडं पडून चाक किंचाळू लागलं, तेव्हा सैदू मिस्त्रीने ते खोललं. एक पॅड कागदासारखा, दुसरा जाडजूड. त्याने दोघांनाही बाजूला ठेवलं आणि ब्रेक ज्या पिनेवर सरकतो ती हलवून पाहिली. ती गंजून जाम झाली होती.

"हा बाहेरचा बिचारा सरकणार तरी कसा?" मिस्त्री पुटपुटला.

पिन घासूनपुसून, ग्रीस लावून पुन्हा जागेवर बसली. पॅड जोडीनेच बदलतात, म्हणून दोघे भाऊ भंगाराच्या डब्यात पडले.

"तू खरं सांगत होतास रे," थोरला म्हणाला.

धाकट्याचं अर्धं आयुष्य अजून शिल्लक होतं. बोलायचं मात्र तो विसरून गेला होता.