बुजऱ्या माशांचा डोह

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हाचं राज्य उरलं नाही, राजा उरला नाही, नदी मात्र अजून आहे.

त्या नदीला डोंगराच्या कुशीत एक खोल डोह होता. त्यातले मासे मोठे देखणे, आणि तितकेच बुजरे. काठावर नुसती सावली हलली की तळाशी गडप. लांबलांबचे गळकरी त्यांच्याशी डाव खेळायला येत. मासा गळाला लागलाच, तर त्याला पाण्यातच सोडवून नमस्कार करायचा आणि जाऊ द्यायचं, अशी तिथली रीत. पाहुण्यांच्या उठबशीवर गाव जगत होतं.

डोहाच्या राखणीला एक तरुणी होती. पान पडलं तरी दचकायची, म्हणून गाव तिला बुजरी म्हणे. रोज सकाळी ती खडकावर उभी राहून पाण्यावर सावली टाकी. मासे पळाले की म्हणे, "डोह बरा आहे."

एकदा सपाटीवरचा एक मत्स्यपाळ आला. माणूस सरळ होता. म्हणाला, "डोहात बांबूचे पिंजरे बांधतो, त्यात मासे वाढवतो. घरोघर रोज कालवण शिजेल."

पाटील खूश झाले. बुजरी चाचरत म्हणाली, "पाटीलबाबा, पिंजरे डोहात नकोत. माशांची भीती मोडेल."

"अगं, तुझ्याजवळ आहे की गावाला पुरेल एवढी," पाटील म्हणाले. सगळे हसले. ती खाली मान घालून बसली. आपलंच चुकत असेल, असं तिला वाटलं.

पिंजरे झाले. मत्स्यपाळ सकाळ-संध्याकाळ वाकून कोंडा टाकी. बांबूच्या फटींतून कोंडा बाहेर सांडे, आणि डोहातले मासे तो टिपायला जमत. हळूहळू त्यांना कळलं, की सावली म्हणजे खाऊ.

एका सकाळी बुजरीने सावली टाकली, तर सगळा डोह तोंड उघडून तिच्या पायाशी आला. ती दोन पावलं मागे सरली. गाव मात्र हरखलं. "मासे माणसाळले, आपल्याला ओळखायला लागले," म्हणत बायकांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं.

बगळ्यांनाही सावली असते, आणि घारींनाही. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. थंडी सरेतो निम्मा डोह रिकामा झाला.

मग दर साली येणारे एक म्हातारे गळकरी आले. त्यांनी गळ टाकण्याआधीच मासे काठाशी गोळा झाले. म्हाताऱ्यांनी दोरी गुंडाळली.

"आजोबा, का हो?" बुजरीने विचारलं.

"पोरी, मी डाव खेळायला येतो. वाढलेलं ताट उचलायला नाही."

ते गेले. पाठोपाठ बाकीचेही यायचे थांबले. ओसऱ्या ओस पडल्या.

तेव्हा पाटील स्वतः मत्स्यपाळाला घेऊन खडकापाशी आले. "बोल, बाई. आता कुणी हसणार नाही."

या वेळी बुजरीने मान खाली घातली नाही. "पोटाला मासा हवाच. यांना गावाखाली तळं खणू द्या, ज्याचं पाणी डोहात यायचं नाही. डोह मात्र डोहाला राहू द्या."

मत्स्यपाळाने मान हलवली. "हे मलाच सुचायला हवं होतं," म्हणाला, आणि पिंजरे त्यानेच उपसले.

तळं एका वर्षात भरलं. डोहाला वेळ लागला. बुजरी रोज सावली टाकी आणि मासे जमले की फांदीने पाणी झोडपी. त्यांना असं हाकलताना तिला रडू येई.

चौथ्या वर्षी, एका सकाळी, ती खडकावर नुसती उभी राहिली. खाली एक मासा दचकला आणि पाणी फाडत तळाशी गेला. त्या आवाजाने तीही दचकली, आणि मग एकटीच हसत बसली.

पाळायचे ते वेगळे पाळावे. जे मोकळे राखायचे, त्याचे बुजरेपणही राखावे.