फेटा एक, गोलकीपर दोन

"उद्या दुपारपर्यंत दोघांत सरस कोण ते ठरव! नाहीतर या मैदानावर नांगर फिरवून ऊस लावतो!"

कुंभवडे संस्थानचे उदाजीराव महाराज असं गरजले, तेव्हा त्यांच्यासमोर उभी होती चिमाक्का. मैदानाचं गवत कापायचं आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायच्या, हे तिचं तीस वर्षांचं काम. मैदानाच्या कडेलाच तिची खोली, खोलीमागं वांग्याची चार झाडं. मैदान गेलं की बाईचं सगळंच गेलं. आणि गुन्हा काय, तर ती हसली होती.

झालं होतं असं. रविवारी शेजारच्या संस्थानाशी फुटबॉलचा सामना. कुंभवड्याची रीत अशी की, जो गोलात उभा राहणार त्याला महाराज स्वतःच्या हातानं मानाचा फेटा बांधतात. फेटा एक आणि गोलकीपर दोन! वरच्या पेठेचा येसाजी आणि खालच्या पेठेचा पिराजी. येसाजी म्हणजे काय सांगावं! चेंडू कुठूनही येवो, हा गडी हवेत सूर मारणार, चार कोलांट्या खाणार आणि ताशा वाजल्याशिवाय जमिनीवरून उठणार नाही. पिराजीचा खेळ बघणं मात्र शिक्षाच. तो नुसता उभा. कधी दोन पावलं इकडं, कधी दोन पावलं तिकडं, आणि चेंडू आपला मुकाट्यानं त्याच्या हातात.

यावरून दोन्ही पेठा पेटल्या. वरच्या पेठेतल्या दौलू न्हाव्यानं खालच्या पेठेतल्या आबा तांबटाची दाढी करायला घेतली. आबा म्हणाले, "पिराजी भारी." दौलू अर्धी दाढी सोडून उठला. आबा आठ दिवस अर्ध्या दाढीनं हिंडले, पण शब्द मागं घेतला नाही.

महाराजांचा जीव येसाजीवर. पण तसं म्हणावं तर खालची पेठ दुकानं बंद करील! दिवाणांना विचारलं, तर त्यांना ताप भरला. वस्तादांना विचारलं, तर ते बहिणीच्या गावाला गेले. ज्योतिषीबुवांनी मैदानावरच पत्रिका पसरल्या आणि म्हणाले, "दोघांच्याही पत्रिकेत चेंडू दिसत नाही." तिथंच चिमाक्का रेघ मारत होती. ती फिस्सकन हसली आणि सापडली.

"एवढ्याशा गोष्टीला पत्रिका कशाला, महाराज?" ती म्हणाली.

"एवढीशी? मग ठरव तूच! पण दोघांचा सामना लावायचा नाही. अमका सरस, असं कुणी तोंडातून काढायचं नाही, डोकी फुटतील. आणि निकालावर एकाही पेठेनं कुरकुर करता कामा नये!"

आणि मग ते नांगराचं आणि उसाचं.

चिमाक्कानं हात पदराला पुसले. "चालतंय की. एक दवंडी पिटा. आणि सरकारी गोठ्यातल्या साठ म्हशी आणून बांधा."

"म्हशी?"

"दुभत्या."

संध्याकाळी दवंडी फिरली. "ऐका हो ऐका! उद्या बारा वाजता मैदानाच्या एका गोलात येसाजी, दुसऱ्या गोलात पिराजी! ज्यानं त्यानं आपल्याला हव्या त्या गोलावर एक किक मारायची! गोल झाला तर दुभती म्हैस दाव्यासकट घरी न्यायची हो!"

दुसऱ्या दिवशी अकरालाच मैदान भरलं. खालची पेठ आली ती सरळ येसाजीच्या गोलापुढं. येणारच! वरची पेठ ताशे वाजवत आली. "येसाजीसारखा वाघ नाही!" असं ओरडत ओरडत तीही येसाजीच्या गोलापुढंच उभी राहिली. रांग फाटकाबाहेर गेली. रांगेत आबा तांबट होते, आणि त्यांच्या मागं "जरा सरका की" म्हणत दौलू न्हावी होता.

येसाजीला भरून आलं. "बघ रे पिराजी, लोकांची माया!" तो लांबून ओरडला.

पिराजी खांबाला टेकून शेंगा खात होता. त्याच्यापुढं एकच म्हातारबाबा उभे होते. त्यांना कमी दिसायचं. "गोलात कोण आहे रं?" त्यांनी विचारलं. "पिराजी," असं कळल्यावर तेही काठी टेकत पलीकडं गेले.

बाराला पाच कमी असताना महाराज आले. एवढी गंमत बघून त्यांच्या पायालाही खाज सुटली. "आम्हीही एक मारणार!" असं म्हणत ते तरातरा निघाले, ते येसाजीच्या गोलाकडं.

चिमाक्का आडवी आली. "महाराज, तिकडं उन्हात रांग आहे. पिराजीचा गोल मोकळा आहे."

"खुळी का काय तू?" महाराज कडाडले. "पिराजीपुढं किक मारून चारचौघांत आमची शोभा करून घेऊ? त्याच्यावर कुणाच्या बापाला गोल करता येत नाही!"

ताशे थांबले. वरची पेठ आपापल्या वहाणा बघू लागली. येसाजीनं रांगेकडं पाहिलं, पिराजीपुढच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं, आणि मग मात्र बिचारा खाली बसला.

चिमाक्का शांतपणे म्हणाली, "तोंडानं बोलायचं नाही असं ठरलं होतं, महाराज. बाकी सगळी पायानंच बोलली."

"अगं, पण वरची पेठ…"

"तोंड पेठेचं असतंय. म्हशीची वेळ आली की पाय ज्याचे त्याचे. आता कुरकुर करायची असंल त्यानं खुशाल करावी, आणि तिकडच्या रांगेत उभं राहावं."

कुणी हललं नाही.

महाराज आधी लाल झाले. मग त्यांच्या मिशा थरथरल्या, आणि मग ते जे हसत सुटले, ते पोट धरून खालीच वाकले! दोन्ही पेठा हसल्या. शेवटी येसाजीही हसला, उठला आणि पिराजीला हाताला धरून घेऊन आला. महाराजांनी तिथल्या तिथं पिराजीला फेटा बांधला.

"चिमाक्का, हे मैदान तहहयात तुझ्या हवाली!" असं म्हणून त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं उतरवून तिच्या हातात दिलं. "आणखी काय पाहिजे ते माग!"

चिमाक्कानं कडं कनवटीला खोचलं. "एवढं बाजूला व्हा, महाराज. ताज्या रेघेवर उभं राहिलाय."

महाराज हसत हसत दोन पावलं मागं सरले, आणि तिनं ती रेघ पुन्हा मारली.