विरजणाची वाटी

"...पण मग आमचं चुकलं कुठं, बुवा?"

बुवा चुलीवरून दूध उतरवत होते.

निनादने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तालुक्याच्या कॉलेजचं श्रमसंस्कार शिबिर, तो गटप्रमुख. गेल्या हिवाळ्यात आठवडाभर मुक्काम याच गावात, आंबेदऱ्यात. घरोघरी सांडपाण्याचे शोषखड्डे खणले, शाळेची भिंत रंगवली. 'समाजातून शिकूया' हा फलक तर त्याने स्वतः रंगवला होता. आणि आता गाव म्हणत होतं, या वर्षी दुसरं गाव बघा. संध्याकाळी ग्रामसभा होती. तिथं गावाचं मन वळलं नाही, तर इथलं शिबिर संपलंच.

खड्डे चांगले झाले होते, हे तो दोनदा म्हणाला. ते खरंही होतं.

"गावाचं काय काय घेतलंत?" बुवांनी विचारलं.

निनादचा चेहरा उजळला. हे कुणीतरी विचारावं, याची तो कधीपासून वाट बघत होता.

"काही नाही. तांदूळ आमचे, गॅस आमचा, पाण्याचा टँकरसुद्धा आमचा. मीठ मागितलं नाही कुणाकडे."

"मीठसुद्धा नाही..."

"नाही."

बुवा गावाबाहेर भैरोबाच्या देवळाला लागून असलेल्या खोलीत राहत. एक गाय, चार भांडी, आढ्याला टांगलेलं शिंकं. लोक त्यांच्याकडे अडचण घेऊन येत आणि बहुधा एखादं काम करून परत जात.

"विरजण आण," बुवा म्हणाले.

निनाद लगेच उठला. फाट्यावरच्या दुकानात दह्याची पिशवी मिळते, बाइकवरून हा गेलो नि हा आलो, म्हणाला.

"विकतचं नको. उतारावर पहिलं घर हौसाबाईंचं. मागून आण."

ते घर त्याच्या ओळखीचं होतं. म्हणजे अंगण ओळखीचं होतं. तिथला खड्डा त्याने स्वतः खणला होता. उंबऱ्याशी मात्र तो पहिल्यांदाच उभा राहिला. कॉलेजात ग्रामविकासावर बोलून त्याने वक्तृत्वाची ढाल मिळवली होती. इथं चमचाभर दही मागायला वाक्य जुळेना.

हौसाबाईंनीच त्याला ओळखलं. "खड्डेवाला न्हवं का तू?" म्हणत आत बसवलं. मग त्याचं गाव, आईचं माहेर, घरात किती माणसं, सगळं विचारून झालं. पाकासारखा गोड चहा झाला. तुझ्या आईचं दही नासलं, तर ती विरजण कुणाकडून आणते, असंही त्यांनी विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं.

दही वाटीत काढताना त्या म्हणाल्या, "त्या वक्ताला आमी समद्या बायांनी मिळून शेंगोळ्या केल्या हुत्या तुमच्यासाठी. पातेलं घेऊन शाळंत आलो. तूच म्हनलास, आमचा गावाला भार नको."

निनादला आठवलं. त्याने फार नम्रपणे म्हटलं होतं. हात जोडून.

"परत आनलं मग, डोक्यावरनं." त्या हसल्या. "ने, सांडू नको."

तो परतला तेव्हा दूध गार झालं होतं. बुवांनी ते पुन्हा चुलीवर धरलं, बोट बुडवून पाहिलं, विरजण लावलं आणि पातेलं ठेवायला शिंकं खाली ओढलं.

शिंक्यात झाकलेलं एक गाडगं आधीच होतं. बुवांनी जागा करायला ते उचललं, तसं झाकण सरकलं. आत घट्ट, कवडीसारखं दही.

"बुवा... दही तर होतं तुमच्याकडे."

"होतं."

बाहेर गायीने मान हलवली, घंटा वाजली... थांबली.

निनाद उठला. वाटी घासून आणली. कोनाड्यातल्या डब्यातून गुळाचा खडा काढून तिच्यात ठेवला. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, एवढं त्याने घरी आईला करताना पाहिलं होतं. आपल्याला निदान हे तरी ठाऊक आहे, याचं त्याला बरं वाटलं.

बुवांनी वाटीतला खडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"ने आता."

"रिकामी? रिकामी वाटी कशी नेऊ, बुवा? त्यांचं देणं राहील माझ्याकडे."

बुवांनी गूळ या गालातून त्या गालात घेतला...

"राहू दे की देणं. ग्रामसभेत एवढंच बोल."