मंगळवारी कोण गेलं?

"तोंडच उघडलं नाही?"

"नाही, फादर. मी दोनदा 'ख्रिस्ताचे शरीर' म्हटलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि भिंतीकडे मान फिरवली."

डिकन इलायस सकाळीच नऊ आजाऱ्यांना घरपोच कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची पवित्र भाकर, द्यायला गेला होता. आठ जणांनी घेतलं. एक पवित्र भाकर परत आली. ती त्याने वेदीवरच्या पेटीत पुन्हा ठेवली, गुडघा टेकला, आणि धुमसतच मागच्या खोलीत फादर सिल्वेस्तरांपुढे येऊन उभा राहिला.

वसईकडचं ते धर्मग्राम, म्हणजे चर्चचं गाव, जुनं, आणि फादर सिल्वेस्तरही तसे जुनेच. इलायस तीन महिन्यांपूर्वी तिथे आला. डिकन म्हणजे धर्मगुरू होण्याआधीची पायरी. वेदीशी सेवा करायची, शुभवर्तमान वाचायचं, आजाऱ्यांकडे जायचं, माणसं पुरायची. इलायस सेमिनरीत, धर्मगुरूंच्या विद्यालयात, पहिला आलेला. तो प्रवचनाला उभा राहिला की मागच्या बाकावरचेही घड्याळ बघायला विसरत. हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसतही होतं.

लोक त्याला ब्रदर म्हणत. 'डिकन म्हणा' असं त्याने दोन-तीनदा सुचवून पाहिलं. लोकांनी माना डोलावल्या आणि ब्रदरच म्हणत राहिले.

सहा आठवड्यांनी त्याची गुरुदीक्षा होती. त्याआधी मुलगा तयार आहे असं फादरांचं पत्र बिशपांकडे जायला हवं होतं. फादर ते लिहीत नव्हते. नाहीही म्हणत नव्हते.

"पावलीनबाय बोलली काही?" फादरांनी विचारलं.

"एकच धोशा लावला होता. मंगळवारी मरणाची घंटा झाली, कोण गेलं? घरचे म्हणे तिला सांगतात, घंटा झालीच नाही, तुला भास झाला. माझा हात धरून म्हणाली, ब्रदर, तू खोटं बोलणार नाहीस."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बाय, प्रभूचं एक लेकरू प्रभूकडे गेलं."

"मंगळवारी गेली तिचं नाव काय होतं रे?"

इलायसने तोंड उघडलं. मंगळवारची माती त्यानेच केली होती. वीस मिनिटं बोलला होता पुनरुत्थानावर. दारात चौघांनी हात धरून शाबासकी दिली होती. प्रवचनभर तो 'आपली ही दिवंगत भगिनी' म्हणत राहिला होता, आणि आता ती भगिनी काही केल्या आठवेना.

तो फळीवरच्या मृत्युनोंदवहीकडे वळला. फादरांनी आधीच तिच्यावर हात ठेवला.

"फादर, नाव तर बघू द्या!"

"पावलीनने नाव विचारलं नव्हतं. कोण गेलं, असं विचारलं होतं."

"कम्युनियनचं काय मग?"

"देव थांबेल," फादर म्हणाले. "त्याला सवय आहे."

इलायस बाहेर पडला. रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की जायचं कुठे हेही आपल्याला ठाऊक नाही. शवपेटी त्याने चर्चच्या दारात स्वीकारली होती. ती कुठल्या घरातून निघाली, ते त्याने विचारलं नव्हतं.

ओढ्याकाठी दोघी बायका मुळ्याच्या जुड्या धूत बसल्या होत्या. त्याने चाचरत विचारलं.

"अगोबाई! तुम्हीच तर होतात मातीला, ब्रदर!" एक म्हणाली. "आपली इनास. पावलीनची जाऊ. अंगण तेवढं वेगळं."

दुसरी हलक्या आवाजात म्हणाली, "अकरा वर्षं बोलणं नव्हतं दोघींचं. विहिरीच्या वाटेवरून वाजलं होतं."

सकाळी हात धरून ती म्हातारी काय विचारत होती, ते आता कुठे त्याला कळलं.

इनासच्या घरात तिची मुलगी रेजिना काळ्या साडीत बसली होती. ब्रदर काहीतरी सांगायला आले असतील, म्हणून तिने पदर सावरला.

"तुझी आई कशी होती?" इलायसने विचारलं.

रेजिना बघतच राहिली. मंगळवारपासून सगळे येऊन तिला धीर देऊन गेले होते. हे कुणी विचारलं नव्हतं. ती बोलायला लागली ती थांबेचना. आईच्या कोंबड्या, आईचा तोंडाळपणा, लग्नाघरी मध्यरात्रीपर्यंत भाकऱ्या थापणारे आईचे हात. इलायसने मध्ये शब्द घातला नाही.

शेवटी म्हणाला, "जाताना… पावलीनबायचं नाव काढलं होतं का?"

"नाही, ब्रदर. मी विचारलंसुद्धा, काकीला बोलवू? तर मान फिरवली."

तो कुंपण ओलांडून पलीकडे गेला. पावलीनबायची सून दारातच आडवी आली.

"ब्रदर, तिला नका सांगू. बी.पी. आहे तिला."

"कोण आलंय?" आतून आवाज आला. "ब्रदर का? येऊ दे त्याला."

सुनेने वाट सोडली.

दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली ती बाई उशीवर कोपर टेकून उठू बघत होती. "सांग. कोण गेलं?"

"तुमची जाऊ, बाय. इनासबाय."

ती हळूहळू मागे टेकली…

"ठाऊक होतं मला. रोज पहाटे कोंबड्यांना हाका मारायची. मंगळवारपासून हाक नाही."

"मग मला का विचारत होतात?"

"अरे, कुणीतरी येऊन सांगायला नको? अशी कशी जाईल ती, मला कुणी न सांगता?"

इलायसला मान वर करवेना.

"जाताना माझं नाव काढलं तिने?"

अशा वेळची वाक्यं इलायसला तोंडपाठ होती. मनातून क्षमा केलीच असेल, हे तर अगदी ओठावर आलं होतं. ती टक लावून त्याच्याकडे बघत होती.

"नाही, बाय."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मीपण नाही काढलं," पावलीनबाय म्हणाली. "हट्टी मेली. माझ्यासारखीच." आणि ती मोठ्याने रडायला लागली. अकरा वर्षांचं रडू होतं ते, लवकर आवरणार नव्हतं.

तीन महिन्यांत दर वेळी तो त्या खाटेशी उभ्या उभ्या येऊन गेला होता. आज त्याने बाजूची खुर्ची ओढली आणि तो बसला.

रडू ओसरल्यावर ती बोलू लागली. दोघी एकाच मे महिन्यात नवऱ्या होऊन त्या घरात आल्या होत्या. पावलीनबायच्या थोरल्या मुलाला टायफॉइड झाला तेव्हा इनासने एकवीस दिवस दोन्ही चुली सांभाळल्या. दुपार टळून गेली. सुनेने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो निवला.

"चर्चमध्ये काय बोललास तिच्याबद्दल?"

"काहीच नाही, बाय. मला ती ठाऊक नव्हती."

"आता झाली ना? मग म्हण तिच्यासाठी."

इलायसने हात जोडले. प्रार्थना तीच होती, मंगळवारचीच. फक्त या वेळी 'इनास' म्हटल्यावर त्याला थांबावं लागलं. उरलेली प्रार्थना पावलीनबायने पुरी केली.

मग ती म्हणाली, "आता आण देवाला. सकाळी गिळवला नसता."

तो परतला तेव्हा फादर सिल्वेस्तर चर्चच्या पायरीवर बसले होते.

"फादर, पावलीनबायने कम्युनियन मागितलंय."

"मग घेऊन जा."

इलायस जागचा हलला नाही.

"बिशपांना ते पत्र एवढ्यात लिहू नका, फादर. धर्मगुरू व्हायचं राहू दे. खरं सांगा, मी अजून डिकन तरी झालोय का?"

फादरांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"मला काय विचारतोस? पावलीनला विचार."