शिवेवरून दिलेला तांब्या

एका राज्यात हिरण्या नावाची राजकन्या होती. तिने हात पुढे केला की पाणी यावे, विडा यावा, मागण्याआधी मोत्यांचा सर यावा. उठून काही घ्यायचे असते, हे तिला कुणी शिकवलेच नव्हते. तिची जिवलग सखी म्हणजे कासाराची लेक येसू. सगळे राजकन्येला मुजरा करीत. येसू तिला नावाने हाक मारी.

एकदा शेजारच्या राज्याच्या राणीचे, म्हणजे हिरण्येच्या मावशीचे बोलावणे आले. शिवेपाशी घोडे बुजत, म्हणून दोघी पायीच निघाल्या. शिवेवर माणसाएवढ्या शिळांची रांग उभी होती आणि प्रत्येक शिळेचा एक हात पुढे आलेला होता. उंबऱ्यावरून देऊ-घेऊ नये, तसे शिवेवरूनही देऊ-घेऊ नये. दोघांनी एका बाजूला यावे, मग द्यावे. हे पोराटोरांनाही ठाऊक. पण हिरण्या शीव ओलांडून पुढे गेली, घशाला कोरड पडली आणि सवयीने तिचा हात मागे गेला.

"येसू, तांब्या दे गं."

सवय दोघींनाही. येसूने दिला.

तांब्या हाती आला तो कोरडा ठणठणीत. हिरण्या वळून पाहते तो येसूची पावले दगडाची झालेली.

"द्या, घ्या आणि भोगा!" शिळेवरची टिटवी ओरडली. ती माणसासारखे बोले, आणि माणसापेक्षा जास्तच बोले. "महामांत्रिकाचा शाप आहे. शिवेवरून जो देईल तो शिळा होईल. घेणारा मागे फिरला तर तोही शिळा होईल. पुढची वाट मात्र मोकळी आहे. आजवरचे सगळे तिकडेच गेले."

"उपाय सांग."

"पळत्या तळ्याचे पाणी आण. नागाच्या मण्याखालची माती आण. मग शीव ओलांडून ये आणि दोन्ही कालवून आपल्या हाताने सखीच्या कपाळी लाव. फेकशील तर तेही देणेच झाले. दगड डोळ्यांवर चढला की सगळे संपले."

"पण ओलांडली तर मी शिळा होईन."

"होशील," टिटवी म्हणाली.

दगड येसूच्या घोट्यांवर चढत होता. "हिरण्ये, तू मावशीकडे जा," ती म्हणाली. "मला इथे वारा छान लागतोय."

हिरण्या धावत सुटली.

पळत्या तळ्याच्या तळाशी भरदुपारी तारे चमकत होते. तिने काठावर बसून हात लांब केला, तसे पाणी मागे सरले. पुन्हा केला, पुन्हा सरले. राजकन्येपासून पाणी पळते, हे तिने जन्मात पाहिले नव्हते. शेवटी तिने पदर खोचला आणि चिखलात उतरली. कमरेपर्यंत गेली, गळ्यापर्यंत गेली. तेव्हा तळे थबकले आणि आपणहून तांब्यात शिरले.

पुढे डोंगराएवढा नाग वेटोळे घालून बसला होता. भोवती लयाला गेलेल्या राज्यांचे धन होते आणि त्या धनाला हात लावलेली माणसे सोन्याची होऊन उभी होती.

"मणी घे," नाग म्हणाला.

"मला त्याखालची माती हवी."

"माती मी देत नाही. उकरून घे."

त्याने फणा उचलला आणि डोंगर उजळून निघाला. हिरण्या गुडघ्यांवर बसून उकरू लागली. नखे तुटली त्याचे काही नाही. येसूने हातात भरलेला चुडा फुटला, तेव्हा मात्र तिला रडू आले.

ती परतली तेव्हा दगड येसूच्या ओठांवर चढला होता. उरले होते ते डोळे, आणि ते 'येऊ नकोस' म्हणत होते. हिरण्येला भीती वाटली, फार वाटली. तिने माती पाण्यात कालवली आणि शिवेपलीकडे पाऊल टाकले. पाऊल दगडाचे झाले. तिने ते ओढत दुसरे टाकले, तेही झाले. कमरेपर्यंत शिळा झालेल्या राजकन्येने हात वर नेला आणि सखीच्या कपाळी माती लावली.

आता दोघी एका बाजूला होत्या. युगानुयुगे त्या शिवेवर असे घडले नव्हते. येसूच्या अंगावरून दगड पाण्यासारखा ओघळला, हिरण्येच्याही ओघळला. मग साऱ्या रांगेने एकदम श्वास घेतला. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत शिळा माणसे होऊन डोळे चोळू लागल्या. टिटवीसुद्धा गप्प झाली.

रांगेत एक म्हातारी होती. तिच्या हातातली भाकरी अजून गरम होती. शिवेपलीकडे रिकामे रान होते.

"इथे माझा लेक उभा होता," ती म्हणाली. "उपाशी होता गं."

त्या लेकाला जाऊन किती पिढ्या लोटल्या, हे तिला कोण सांगणार? हिरण्या तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"आजी, भूक मला लागली आहे. वाढाल?"

म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिले. मग मातीने माखलेल्या तिच्या बोटांकडे पाहिले.

"आधी हात धुऊन ये, बाळे."

राजकन्या पाणी शोधायला गेली. मागे म्हातारी भाकरी पदराखाली झाकून बसली. शिळांची माणसे झाली, माणसे आपापल्या वाटेला लागली. हिरण्येला जशी तिची येसू मिळाली, तशी ज्याची त्याला मिळो.